इंजिनाचा आवाज: पाना लावण्याआधी काय ऐकायचं

"गाडीतून टकटक येतंय" एवढंच सांगून बाइक गॅरेजला लावली, की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट होतात. आवाज तसाच राहिला तर टायमिंग चेन (इंजिनाच्या आत व्हॉल्व्हचा कॅम फिरवणारी) बदलली जाते. तरीही राहिला तर "हाफ इंजिन करावं लागेल" असं कानावर येतं. या सगळ्यात तपास कुठेच होत नाही. स्वस्त पार्टपासून महाग पार्टपर्यंत एकेक बदलून बघणं चालू असतं, आणि प्रत्येक पायरीचं बिल मालकाच्या खिशातून जातं.

आवाज कसा आहे हे सांगून फारसं हाती लागत नाही. एकाची टकटक ती दुसऱ्याची खटखट असते. तो कशाने बदलतो हे मात्र कोणीही तपासू शकतं, आणि निदान तिथेच होतं. गाडी थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? क्लच दाबल्यावर थांबतो का? रेस देताना वाढतो की सोडताना? गाडी उभी असताना येतो की फक्त चढावर, ओझं घेऊन? या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून घ्या. निम्मं काम तिथेच संपतं.

खाली जे आहे ते आपल्याकडच्या रोजच्या एक सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या १०० ते ३५० सीसीच्या गाड्यांसाठी आहे: स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न, पल्सर, बुलेट वगैरे.

आधी ऑइल

ऑइल न बघता आवाज ऐकायला बसू नये. या वर्गातल्या छोट्या गाड्यांच्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असतं. त्यातलं पाव लिटर जरी कमी झालं तरी हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचणारं ऑइल आणि त्याचं तापमान दोन्ही बिघडतात, आणि टॅपेट, कॅम, चेन सगळे एकदम बोलायला लागतात. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर घ्या. तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. हिरो-होंडाच्या गाड्यांत डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवून आत बसवायची नाही. आटे फिरवून बघितलं की पातळी खरीपेक्षा जास्त दिसते, आणि "ऑइल आहे की" म्हणत लोक कमी ऑइलवर गाडी चालवत राहतात. पल्सरसारख्या गाड्यांत काचेची खिडकी असते. ती साइड स्टँडवर बघितली तर तीही खोटं बोलते.

ग्रेडही बघा. स्प्लेंडर किंवा शाइनला १०डब्ल्यू-३० लागतं, बऱ्याच पल्सरना २०डब्ल्यू-५०, बुलेटच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेल्या) इंजिनाला १५डब्ल्यू-५०. आवाज दाबायला म्हणून १०डब्ल्यू-३०च्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतायची पद्धत सर्रास आहे. आवाज थोडा बसतो हे खरं, पण सकाळी थंड इंजिनात ते हेडपर्यंत उशिरा पोहोचतं आणि झीज वाढते. कारचं ऑइल तर टाकूच नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी ओला क्लच घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं हवं.

ऑइल बदलायची वेळ झालीच असेल तर ते स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळून घ्या आणि गाळात लोहचुंबक फिरवा. चुंबकाला बारीक लोखंडी पावडर थोडी चिकटणारच, त्याला घाबरू नका. तुकडे किंवा चकत्या चिकटल्या तर गिअर, बेअरिंग किंवा रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा). चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण म्हणजे ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा केसिंग. सोनेरी कण म्हणजे कुठला तरी बुश. काळे रबरासारखे तुकडे हे टायमिंग चेनच्या पट्टीचे, तपकिरी गर हा क्लच प्लेटचा. ऑइलची जाळीही काढून बघा. ती या तुकड्यांनी अर्धी बुजलेली असेल, तर आवाजाचं कारण आणि पुढच्या आवाजाचं कारण दोन्ही एकाच जागी सापडतात.

इंजिनाचा वाटणारा, पण इंजिनाचा नसलेला

इंजिनाच्या नावावर खपणारे किती तरी आवाज बाहेरचे असतात. साडीगार्ड, चेनकव्हर, नंबरप्लेट, लेगगार्डचे बोल्ट, सायलेन्सरवरची पत्र्याची जाळी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस एका जागी धरा, जिथे आवाज सगळ्यात जास्त येतो तिथे, आणि जाड हातमोजा घालून किंवा लाकडी दांडक्याने एकेक भाग दाबत जा. दाबल्यावर आवाज बंद झाला की विषय संपला. फक्त ठरावीक वेगाला येणारा आणि पुढे गेल्यावर नाहीसा होणारा आवाज बहुधा याच प्रकारचा असतो. त्या फेऱ्यांना तो पत्रा किंवा तो बोल्ट थरथरायला लागतो. इंजिन माउंटिंगचे बोल्ट मात्र हाताने कळत नाहीत, तिथे पानाच लावावा लागतो.

टॅपेटच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतं ते बेंड पाइपचं गॅस्केट. हेडला जिथे सायलेन्सरचा बेंड बसतो तिथली तांब्याची रिंग दबली किंवा नट सैल झाला, की प्रत्येक एक्झॉस्टला तिथून हवा फुटते आणि टिक-टिक, टिक-टिक असा कोरडा आवाज येतो. लयही टॅपेटचीच, कारण एक्झॉस्टसुद्धा क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच होतो. फरक असा, की हा थंड गाडीला जास्त असतो आणि पाइप तापून फुगला की कमी होतो. जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसतो. खात्री करायची तर थंड गाडी चालू करून पहिल्या मिनिटातच जोडावर साबणाचं पाणी सोडा. दुसरा उपाय म्हणजे ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन सेकंद झाकणं. गळती असेल तर आवाज एकदम मोठा होतो. गॅस्केट किरकोळ किमतीची वस्तू आहे. तिच्यापायी हेड उघडलेल्या गाड्या कमी नाहीत.

सैल स्पार्क प्लगही असाच चकवतो, फक्त त्याचा आवाज फुसफुस-टिकटिक असा मिश्र असतो आणि प्लगच्या बुडाशी ऑइल-धुळीचा ओला डाग असतो. नवा वॉशर असेल तर हाताने बसेपर्यंत फिरवून वर पान्याने अर्धा फेरा द्या. त्यापुढे जोर लावला तर हेडचे आटे जातात.

आणि चेन. मागची चेन सैल असली की ती चेनकव्हरवर आपटते आणि रेस सोडताना खडखड करते. कम्यूटर गाड्यांत ढील साधारण २० ते ३० मिमी हवी, आणि ती चाक फिरवून चार-पाच जागी मोजायची. एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल निघाली तर ॲडजस्ट करण्यात अर्थ नाही, सेटच बदलायचा. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना आवाज येत नाही आणि चालताना येतो, तर आधी चेन, स्प्रॉकेट आणि मागच्या चाकाचे बेअरिंग बघा. इंजिन नंतर.

लय

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. गाडी १४०० आरपीएमला आयडल (रेस न देता स्लो) होत असेल, तर क्रँक सेकंदाला २३ वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह ११ ते १२ वेळा उघडतो. कानाला २३ आणि १२ मोजता येत नाहीत, फोनला येतात. इंजिनाजवळ धरून अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करा, कुठल्याही मोफत ऑडिओ ॲपमध्ये उघडा, एक सेकंदाचा तुकडा मोठा करून त्यातले उंच टोकदार ठोके मोजा. १२च्या आसपास आले तर संशय वरच्या भागावर जातो: टॅपेट, रॉकर, कॅम, एक्झॉस्टची गळती. २३ आले तर खालच्या भागावर: क्रँक, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं फिरणारं चाक), क्लचकडे जाणारा प्रायमरी गिअर.

इथे एक गोम आहे. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचा आवाज पॉवर स्ट्रोकला सगळ्यात जोरात येतो, आणि पॉवर स्ट्रोकसुद्धा दोन फेऱ्यांत एकदाच असतो. त्यामुळे खालचा ठोका कधी कधी निम्म्या लयीत ऐकू येतो आणि वरचा वाटतो. म्हणून लयीवर एकटीवर निकाल देऊ नये, जागाही ऐकावी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानामागच्या हाडावर दाबा. टॅपेट झाकणाजवळ, ब्लॉकच्या मधोमध, मॅग्नेट कव्हरवर, क्लच कव्हरवर, खाली चेंबरवर (क्रँकच्या केसिंगवर), असं क्रमाने फिरा. आवाज ज्या जागी टोकदार होतो तिथेच तो जन्मतो. बाकी ठिकाणी तो बोथट ऐकू येतो. हवेची गळती शोधायला स्क्रू ड्रायव्हरऐवजी हातभर रबरी नळी कानाला लावा, कारण नळी फक्त हवेतला आवाज आणते. हे सगळं मोकळ्या हवेत करायचं. बंद पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडी चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. ओढणी, मफलर, लोंबती बाही चेनपासून लांब ठेवा.

बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर, म्हणजे एप्रिल २०२० पासून आलेल्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आला. इंजेक्टर उघडमीट करताना बारीक टिकटिक करतो आणि चावी फिरवल्यावर पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. दोन्ही ठीक. स्क्रू ड्रायव्हर इंजेक्टरवर टेकवला की खात्री होते.

टॅपेट

हलका, कोरडा, नियमित आवाज. रेस दिली की लय वाढते, पण ओझ्याने फारसा बदलत नाही. क्लच दाबून काहीच फरक पडत नाही.

सेटिंग इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं, शक्यतो रात्रभर उभ्या गाडीला. मॅग्नेट कव्हरवरची दोन्ही झाकणं, दोन्ही टॅपेट झाकणं आणि प्लग काढा. क्रँकच्या नटला पाना लावून मॅग्नेट फिरवा. मॅग्नेट डावीकडे असलेल्या बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या उलट दिशेने. 'टी' ही खूण खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्हींना किंचित मोकळीक असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला (सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना) आहे. एखादा घट्ट असेल तर तो चुकीचा टॉप. मॅग्नेट अजून एक पूर्ण फेरा फिरवा. ही पायरी गाळली की सेटिंग पूर्ण चुकतं, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते.

फट किती हवी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत आकडे साधारण ०.०५ ते ०.१२ मिमीच्या दरम्यान असतात, आणि काही गाड्यांत एक्झॉस्टला इनलेटपेक्षा जास्त. त्या जाडीची फिलर (फट मोजायची) पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. तिच्यापेक्षा जाड पट्टी शिरता कामा नये. स्क्रू धरून चेकनट आवळा आणि पुन्हा मोजा. चेकनट आवळताना फट बदलते, त्यामुळे दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय काम झालं असं समजू नये. "अंदाजाने, हाताला जाणवतं" असं म्हणत फिलरशिवाय टॅपेट सेट करणाऱ्याकडे गाडी देऊ नये, मग तो कितीही जुना मिस्त्री असो. ०.०५ मिमी हाताला जाणवत नाही.

टॅपेटचा आवाज पूर्ण घालवण्याचा हट्टही वाईट. फट अजिबात ठेवली नाही तर इंजिन छान शांत होतं, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरत नाही आणि कड जळते. लक्षणं हळूहळू येतात: गरम गाडी स्टार्ट व्हायला त्रास, आयडलला बंद पडणं, ओढ कमी होणं. थोडी टिकटिक करणारा टॅपेट त्यापेक्षा बरा.

बरोबर सेट करूनही टिकटिक राहिली तर रॉकरचं टोक बघा. व्हॉल्व्हवर घासून तिथे खड्डा पडलेला असेल, तर सपाट फिलर त्या खड्ड्यावर पुलासारखी बसते आणि ०.०५ दाखवते, प्रत्यक्षात फट दुप्पट असते. रॉकर वर-खाली ओढल्यावर हलत असेल तर त्याची शाफ्ट झिजली आहे. कॅमच्या टेकाडावर ओरखडे किंवा सपाटपणा दिसला तर कॅम आणि रॉकर दोन्ही एकत्र बदलायचे. जुन्या रॉकरवर नवा कॅम फार टिकत नाही. आणि तो का झिजला हेही शोधा. टॅपेट झाकण सैल करून गाडी स्लोला सोडा. थोड्या वेळात तिथे ऑइल दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पंप, जाळी किंवा वर जाणारा रस्ता.

बुलेटच्या बाबतीत तीन पिढ्या वेगळ्या धरायच्या. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला पुशरॉड असतात, आणि थंड इंजिनाला, टॉपवर, पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये, हेच त्याचं माप. यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले, तिथे सेट करण्यासारखं काही नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ टिकटिक येते, ऑइल भरलं की थांबते. गरम झाल्यावरही चालूच राहिली तर ऑइलचा दाब किंवा टॅपेटच खराब. २०२० पासूनच्या जे-सिरीजमध्ये पुशरॉड गेले आणि कॅम हेडवर आला, त्यामुळे यूसीईचे नियम तिला लावू नका.

टायमिंग चेन

हिचा आवाज टकटक नसतो, खरखर किंवा सळसळ असते. लय नीट पकडता येत नाही. थंड स्टार्टला पहिले काही सेकंद जास्त, आणि रेस देऊन एकदम सोडली की त्या सोडण्याच्या क्षणी खर्रर्र. चेन ज्या बाजूने हेडमध्ये जाते त्या बाजूला ब्लॉकवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला की स्पष्ट कळतं.

चेन स्वतः ताणते, तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या झिजतात, किंवा टेन्शनर काम सोडतो. कोणतं ते टेन्शनर काढूनच कळतं. स्प्रिंगवर चालणाऱ्या स्वयंचलित टेन्शनरचा दांडा अंगठ्याने दाबून आत जात असेल तर तो गेला. दांडा जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेला असेल, तर चेन आणि पट्ट्या संपल्यात. तिथे नुसता टेन्शनर बदलून उपयोग नाही, थोड्याच दिवसांत खरखर परत येते. टेन्शनर काढलेला असताना क्रँक अजिबात फिरवू नका. चेन एक दात सरकली की टायमिंग चुकतं, आणि जास्त सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. बसवताना मागचा स्क्रू बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवून दांडा पूर्ण आत घ्या, धरून ठेवा, बोल्ट आवळा आणि मग सोडा.

काही ठिकाणी स्प्रिंगखाली वॉशर टाकून "जुगाड" करतात. त्या दिवशी खरखर थांबते. मग चेन पट्टीला इतकी घासते की पट्टीचे काळे तुकडे जाळीत जाऊन बसतात, आणि ऑइल अडल्याने कॅम जातो. दोनशे रुपयांची बचत हेडच्या कामात वसूल होते. बदलायचंच तर चेन, दोन्ही पट्ट्या आणि दोन्ही दाती (स्प्रॉकेट) एकत्र.

क्लच लिव्हरची चाचणी

ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी. गाडी न्यूट्रलमध्ये, स्लोला. क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

दाबल्यावर आवाज बंद होत असेल, तर तो क्लच हाउसिंग किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा आहे. क्लच हाउसिंगच्या मागे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा किंवा रबरं असतात. ती सैल झाली की स्लोला खटखट येते आणि थोडी रेस दिली की जाते. यात गाडी लगेच बंद पडत नाही, त्यामुळे घाई नाही. उलट, दाबल्यावरच किर्र आवाज येत असेल तर क्लच दाबणारं छोटं बेअरिंग. आणि काहीच फरक पडत नसेल तर क्लचवर पैसे घालवू नका.

आयडल १००० च्या खाली गेलेलं असेल तर आधी ते मॅन्युअलप्रमाणे करून मग ही चाचणी करा. कमी फेऱ्यांना एक सिलिंडरचं इंजिन इतकं धक्के देत फिरतं की चांगलं हाउसिंगही वाजतं. इंजेक्शनच्या गाडीत मात्र स्क्रू फिरवायला जाऊ नका.

पिस्टन की रॉड

महाग काम इथे सुरू होतं, म्हणून इथेच सगळ्यात जास्त सावध राहायचं. पिस्टनची ठकठक आणि रॉडची ठोकाठोक या दोन्ही जड आणि खोल असतात, पण वागणं उलट असतं.

पिस्टन बोअरमध्ये सैल झाला की थंड गाडीला ठकठक करतो, आणि ॲल्युमिनियम तापून फुगलं की चार-पाच मिनिटांत कमी होतो. त्याच्याबरोबर बहुधा निळसर धूर आणि ऑइल खाणं असतं. खात्री करायला प्लग काढून छिद्रातून चमचाभर, साधारण ५ मिली ऑइल टाका, किक हळूच सात-आठ वेळा मारा, प्लग लावून चालू करा. थोडा वेळ धूर येईल. त्या वेळात ठकठक कमी झाली आणि ऑइल जळून गेल्यावर परत आली, तर पिस्टनच. फक्त थंडीत दोन मिनिटं येणारी ठकठक, धूर नाही, ऑइल कमी होत नाही, अशी गाडी आणखी बरेच किलोमीटर चालवता येते.

काम करायचंच ठरलं तर "बोअर मारून पिस्टन टाकतो" एवढ्यावर भागवू नका. नव्या पिस्टनची आणि बोअरची फट शतांश मिमीमध्ये असते, आणि बहुतेक गाड्यांत ०.१० मिमीच्या आसपास ती मर्यादा ओलांडते. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे मिळतात. आधी पिस्टन आणायचा, तो मायक्रोमीटरने मोजायचा, आणि त्या मापाला लेथवाल्याने बोअर मारायचा. उलटं केलं की नव्या कामातूनच ठकठक येते. ज्या गाड्यांच्या बोअरला आतून कठीण लेप असतो किंवा विशेष मिश्रधातूचा ब्लॉक असतो, जसा यामाहा आर१५चा, तिथे बोअर मारता येत नाही. ब्लॉक-पिस्टनच बदलायचा.

रॉडचं उलटं. बिग एंडचा (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा) ठोका गरम झाल्यावर वाढतो, कारण ऑइल पातळ होतं. चढावर, ओझ्यावर, टॉप गिअरमध्ये कमी वेगाला रेस दिल्यावर तो स्पष्ट येतो. आपल्या बहुतेक एक सिलिंडरच्या गाड्यांत बिग एंडला रोलर बेअरिंग असतं. ते एकदा खरवडलं की परत सुधारत नाही. असा आवाज आला की गाडी बंद करून टेम्पोत घालून न्या. "हळू हळू घरापर्यंत" नेताना रॉड तुटला तर चेंबर फुटतं, आणि मग क्रँकच्या कामाऐवजी अख्खं इंजिन शोधावं लागतं.

इंजिन न उघडता एक चाचणी करता येते. प्लग काढा, छिद्रातून जाड प्लास्टिकची नळी पिस्टनवर टेकेपर्यंत सोडा आणि पिस्टन साधारण अर्ध्या उंचीवर आणा. टॉपला नको, तिथे मॅग्नेट थोडं फिरलं तरी पिस्टन हलत नाही. आता मॅग्नेटचा नट पान्याने हलकेच मागे-पुढे करा. दिशा बदलताना मॅग्नेट हललं आणि नळी हलायच्या आधी बोटांना टक्कन जाणवलं, तर रॉडमध्ये खेळ आहे. बारीक झीज यात पकडली जात नाही, पण आवाज करण्याइतकी झीज बहुधा सापडते. हेड-ब्लॉक उतरल्यावर तपासणी सोपी आहे: रॉड सरळ वर-खाली ओढा. वर-खाली जराही खेळ चालत नाही. आडवा खेळ मात्र असतोच. रॉड बाजूला हलवून "बघा किती हलतोय" म्हणून दाखवलं, तर फिलर लावून मोजायला सांगा.

गजनपिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचा) आवाज या दोघांच्या मध्ये कुठे तरी असतो: टोकदार, दुहेरी टक-टक, स्लोला आणि हलक्या रेसला जास्त. मेन बेअरिंगची घरघर असते, ठोका नसतो. ती फेऱ्यांबरोबर चढत जाते आणि फुटरेस्टमधून पायाला कळते.

घाटातली कणकण

खंबाटकी किंवा कसारा चढताना चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली आणि काचेच्या गोट्या पडल्यासारखी कणकण आली, तर कोणताही पार्ट सैल झालेला नाही. पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेआधी किंवा एकदम पेटतंय. गिअर खाली टाकला की आवाज लगेच गेला पाहिजे. गेला तर निदान पक्कं. कारणं: हेडमध्ये आणि पिस्टनवर साचलेला कार्बन, पातळ मिश्रण, चुकीच्या हीट रेंजचा प्लग, पुढे सरकलेलं टायमिंग, किंवा फिन्समध्ये चिखल भरून तापलेलं इंजिन. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण आणखी थोडं पातळ होतं. तसंही ज्याचं जेट अर्धवट बुजलंय त्याला हे पुरेसं ठरतं. आधी कार्बोरेटर आणि एअर फिल्टर साफ करा, प्लगचा नंबर मॅन्युअलशी ताडून बघा, कार्बन शेवटी. कणकण ऐकू येत असताना तसंच चढत राहणं हे पिस्टनला भोक पाडण्याचे जे मार्ग आहेत त्यातलं एक.

रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट फुटणं ही वेगळी गोष्ट. पातळ स्लो मिश्रण, बेंडची गळती किंवा एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणाऱ्या पाइपची चीर. ती चीर पाइप वाकवून बघितल्याशिवाय दिसत नाही.

सेल्फ मारताना खर्रर्र आणि इंजिन न फिरणं हा आवाज ऐकून स्टार्टर क्लच उघडण्याआधी बॅटरी मोजा. सेल्फ दाबलेला असताना व्होल्टेज ९.५च्या खाली कोसळत असेल, तर मोटर अर्ध्या ताकदीने फिरते आणि क्लचचे रोलर पकड घेत-सोडत राहतात. चार्ज केलेल्या बॅटरीवरही खर्रर्र येत असेल तर मग मॅग्नेट काढा.

गॅरेजला गाडी देताना या नोंदींचा कागद द्या: थंड की गरम, क्लचने फरक पडतो का, कोणत्या जागी टोकदार येतो, ऑइलच्या गाळात काय निघालं. काढलेले जुने पार्ट परत मागा, आणि बोअर, पिस्टन, रॉडच्या बाबतीत मापं मिमीमध्ये लिहून घ्या. ज्या कामाचं माप कोणी देत नाही, ते काम त्या दिवशी करून घेऊ नका.